उरलेल्या तेलाचा गुरुवार

माझ्या एका भाच्याचं कोल्हापूरजवळ फरसाणाचं दुकान आहे. शेव, पापडी, भावनगरी, दिवाळीच्या तोंडावर चकली आणि चिरोटे. माल पोचवायला दारात एक जुना छोटा हत्ती टेम्पो उभा असतो. मध्यंतरी गेलो होतो, तेव्हा चहा पिता पिता त्याने विचारलं, "मामा, गाडी डिझेलवर चालते आणि तळून उरलेलं तेल माझ्याकडं रोज साठतंय. गाळून टाकीत ओतलं तर काय बिघडंल? मोबाइलवर लोक चालवून दाखवतात की."

"इंजिन बिघडेल," मी म्हणालो.

"ते बघू आपण. पोलीस धरतील का, तेवढं सांगा."

त्याचं म्हणणं वेडगळ नव्हतं. १९००च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ऑटो कंपनीने मांडलेलं एक लहान डिझेल इंजिन चक्क शेंगतेलावर चालवून दाखवलं होतं. पुढे १९१२ मध्ये खुद्द रुडॉल्फ डिझेलने ती आठवण सांगितली. इंजिन इतकं सुरळीत चाललं होतं, की इंधन वेगळं आहे हे फार थोड्यांच्या लक्षात आलं. फ्रेंच सरकारचा डोळा तेव्हा आफ्रिकेतल्या वसाहतींमधल्या भुईमुगावर होता. पिकेल तिथेच इंजिन चालवायचं, कोळसा वाहून न्यायलाच नको, असा हिशेब. म्हणजे पेट्रोलियमच्या डिझेलशिवाय हे इंजिन चालतच नाही, ही समजूत नंतरची आहे.

अडचण तेलाच्या दाटपणाची आहे. शरीराच्या तापमानापेक्षा किंचित जास्त, म्हणजे ४० अंशांना मोजलं तर खाद्यतेल डिझेलच्या जवळपास दहापट दाट भरतं. डिझेल इंजिनात इंधनाचा बारीक फवारा उडावा लागतो. दाट तेलाचा फवारा न होता थेंब पडतात, ते अर्धवट जळतात, नोझलच्या तोंडावर कोळसा धरतो आणि न जळलेलं तेल खाली इंजिन ऑइलमध्ये उतरून त्याचा चिकट गाळ करतं. २००५ साली आलेल्या पहिल्या छोट्या हत्तीचं ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं साधं इंजिन हे काही काळ सोसेल. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत फवाऱ्यामागचा दाब हवेच्या दाबाच्या हजारो पटींत जातो आणि धूर गाळायला वेगळी जाळी असते. तिथे हा प्रयोग केला, तर वाचलेल्या डिझेलच्या कित्येक पट पैसे गॅरेजवाल्याला मोजावे लागतील. त्यात आपल्याकडे तळण बहुतेक पामोलिनचं. थंडीच्या पहाटे डब्यात ते तुपासारखं थिजतं, हे कुठल्याही आचाऱ्याला विचारा.

तेलाचं बायोडिझेल करणं हा यावरचा खरा मार्ग. त्यातलं रसायन सोपं आहे. तेलाच्या रेणूत ग्लिसरिनच्या कण्याला तीन शेपट्या असतात. मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून ढवळलं, की शेपट्या कण्यापासून सुटून मिथेनॉलला चिकटतात. पातळ बायोडिझेल वर तरंगतं आणि ग्लिसरिन तळाशी बसतं. तळलेल्या तेलात पाणी आणि सुटं आम्ल जास्त असतं, त्यामुळे कच्चं काम केलं तर इंधनाऐवजी बादलीभर साबण होतो. तोही एक वेळ चालेल. पण शंभर लिटर तेलाला साधारण वीस लिटर मिथेनॉल लागतं, आणि मिथेनॉल म्हणजे जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून जास्त माणसं ज्याने मेली, ते विष. दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, पोरंबाळं खेळतात तिथे, मिथेनॉलचा ड्रम ठेवायला सरकार सहज परवानगी देत नाही. याला मी तरी लाल फीत म्हणणार नाही.

भाच्याचा पोलिसांचा प्रश्न उरलाच. त्यावरून वेल्सची एक हकिकत आठवते. २००२ मध्ये तिथल्या स्वान्सी-लॅनेली भागात एका मोठ्या दुकानातून स्वस्त खाद्यतेल अचानक भरमसाट खपू लागलं. लोक ते गाड्यांमध्ये ओतत होते. मग पोलिसांनी रस्त्यात गाड्या थांबवून धूर हुंगायला सुरुवात केली. बटाटे तळल्याचा वास आला, की चालक सापडला. त्यांचा गुन्हा प्रदूषणाचा नव्हता, इंधनावरचा कर चुकवल्याचा होता. सरकारला धुरातून जाणारा महसूल दिसला आणि त्याने नाक पुढे केलं. पण त्याच ब्रिटनने २००७ मध्ये शहाणपणही दाखवलं. वर्षाला २,५०० लिटरपर्यंत असं इंधन करणाऱ्या किंवा वापरणाऱ्याला शुल्कातून सूट दिली आणि फक्त हिशेब लिहून ठेवायला सांगितलं. लहान माणसामागे धावण्यापेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवलेला स्वस्त पडतो, हे तिथल्या करखात्याला पाच वर्षांत उमगलं.

आपल्याकडे तशी सूट नाही. गाडीच्या नोंदणीपुस्तकात जे इंधन लिहिलंय त्याहून वेगळ्यावर ती चालवायची, तर मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आडवं येतं. बायोडिझेलचं म्हणाल, तर ३० एप्रिल २०१९च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे ते डिझेलमध्ये मिसळण्यासाठी विकायचं, आयएस १५६०७ या मानकात बसलं पाहिजे आणि विकणाऱ्याची नोंदणी हवी. गंमत म्हणजे आगीच्या भीतीने केलेले पेट्रोलियमचे कडक नियम, जे राबवणाऱ्या खात्याचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे, ते खाद्यतेलाला लागूच होत नाहीत. खाद्यतेल पेट्रोलियम नाही, शिवाय ते सहजासहजी पेटही घेत नाही. तेलाचा डबा साठवणं धोक्याचं नाही, धोका ते टाकीत कुठल्या नावाने जातं यात आहे.

ही भीती उगाच नाही. २०२०-२१ मध्ये सौराष्ट्रातल्या हमरस्त्यांवर 'बायोडिझेल' असे फलक लावलेले पंप पावसाळी छत्र्यांसारखे उगवले. आतलं बरंचसं द्रव तेलबियांचं नव्हतंच. औद्योगिक वापराच्या नावाने आणलेलं पेट्रोलियमचंच हलकं तेल होतं ते, डिझेलवरचा कर चुकवून ट्रकांना विकलेलं. २०२१ मध्ये गुजरात सरकारने धाडी घातल्या, महाराष्ट्रातही अशी प्रकरणं उघडकीला आली. हरित शब्दाची झूल पांघरली, की खालचा बैल कुठला हे पटकन ओळखू येत नाही. त्यामुळे "मला माझं तेल माझ्या गाडीत जाळू द्या" ही भाच्याची मागणी कितीही निरागस असली, तरी ब्रिटनची सूट आपण जशीच्या तशी उचलावी असं मला वाटत नाही. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी एकाच टँकरवाल्याच्या नावावर हजार भाचे निघतील.

पण म्हणून भाच्याला "नाही" म्हणून विषय संपवावा का? मी त्याला विचारलं, "मग आत्ता ते तेल कुठं जातं रे?"

तो हसला. "गुरुवारी एक माणूस येतो."

गुरुवार हा तिथला बाजाराचा दिवस. माणूस एम-८० वर दोन्ही बाजूंना निळे कॅन लटकवून येतो, काट्यावर वजन करतो, रोख देतो. तेल कशाला नेतो, असं भाच्याने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. दोघांनाही ठाऊक आहे. ते तेल बाजाराच्या कडेला उभ्या असलेल्या गाड्यांवर जातं. तिथे पुन्हा भजी, वडे, पापड तळले जातात, आणि जे तेल एका पोटासाठी संपलं असं ठरलं होतं, ते दुसऱ्या, जास्त गरीब पोटात जातं. गाडीवाल्यालाही मी खलनायक करणार नाही. नव्या तेलाचा डबा निम्म्या किमतीच्या जुन्या डब्यासमोर ठेवला आणि दिवसाची कमाई तीन-चारशे रुपये असली, की तत्त्वं बदलतात. माझी-तुमचीही बदलतील.

या विषयावरचा आपला सगळा विचार माझ्या मते इथेच चुकतो. वापरलेल्या तेलाचा प्रश्न आपण इंधनाचा प्रश्न म्हणून मांडला. तो मुळात ताटाचा प्रश्न आहे.

सरकारी आकडेच घ्या. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०१८ मध्ये 'रुको' नावाची मोहीम काढली, तेव्हा २०२२ पर्यंत २२० कोटी लिटर वापरलेलं तेल बायोडिझेलसाठी मिळवता येईल असा अंदाज होता. पुढच्या वर्षीच्या सरकारी निवेदनात हिशेब जास्त सावध झाला. देशात २,७०० कोटी लिटर खाद्यतेल वापरलं जातं, त्यातलं १४० कोटी लिटर मोठ्या वापरकर्त्यांकडून गोळा होऊ शकतं, आणि त्यापासून ११० कोटी लिटर बायोडिझेल निघेल. डिझेल मात्र आपण वर्षाला नऊ कोटी टनांच्या आसपास जाळतो. लिटरमध्ये हे सुमारे १०,८०० कोटी होतं. म्हणजे सगळं जमलं, एक थेंब वाया गेला नाही, तरी शंभरात एक. २०३० पर्यंत डिझेलमध्ये पाच टक्के बायोडिझेल मिसळायचं राष्ट्रीय धोरण आहे, आणि ते अजून एक टक्क्यापाशीही नीट पोचलेलं नाही. परकीय चलन वाचेल, देश स्वावलंबी होईल, ही भाषा या शंभरातल्या एकाला पेलणारी नाही. हाच एक लिटर ताटातून बाजूला काढला, तर त्याची किंमत डिझेलच्या दरात मोजता येत नाही.

तेल पुन्हा पुन्हा तापवलं, की त्यात काय होतं? कढईतल्या १८० अंशांना पदार्थातलं पाणी तेलाचे रेणू फोडतं, हवा त्यांना आंबवते, आणि तुटलेले तुकडे एकमेकांना चिकटून जड साखळ्या होतात. या सगळ्या कचऱ्याला मिळून ध्रुवीय घटक म्हणतात. ताज्या तेलात ते थोडेच असतात. २५ टक्क्यांवर गेले, की ते तेल तळायला वापरायचं नाही, हा नियम १ जुलै २०१८ पासून देशभर लागू आहे. नियम उत्तम आहे, पण तो अमलात आणायला मोजावं लागतं. मोजायचं हातातलं यंत्र मिळतं, कढईत बुडवलं की पडद्यावर टक्के दाखवतं, पण लहान दुकानदाराने हौसेने घ्यावं इतकं ते स्वस्त नाही. मग राहिले जुने दाखले: फेस मावेना, धूर लवकर निघायला लागला, तेल हाताला चिकट लागलं, की समजायचं. शिवाय फरसाणवाल्याची एक खोच कुठल्याच नियमाने नीट पकडलेली नाही. त्याचं तेल कधी संपतच नाही. शेव तेल पिते, कढईची पातळी उतरते, आणि तो वरून नव्या तेलाची भर घालतो. कालचं आज, आजचं उद्या. वय काढायला गेलं, तर त्या कढईत पंधरवड्याचं तेल नांदत असतं.

पुढचा नियम मार्च २०१९चा. दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल तळणीला लागणाऱ्यांनी वापरलेल्या तेलाची नोंद ठेवायची आणि ते अधिकृत संस्थेलाच द्यायचं. मोठी उपाहारगृहं, साखळी दुकानं, वेफर्सचे कारखाने यात आले. त्यांच्याकडचं तेल आता बऱ्यापैकी ठिकाणी जातं. मुंबईत एका बर्गरच्या साखळीने स्वतःच्या तेलाचं बायोडिझेल करून स्वतःच्या माल पोचवणाऱ्या ट्रकांना दिलंही, आणि ते मला मनापासून आवडलं. पण भाच्याला दिवसाला तीस लिटरही लागत नाही. मर्यादा ५० वर आखली तेव्हा खालच्या लाखो कढया आपोआप अंधारात गेल्या, आणि गुरुवारचा माणूस नेमका त्याच अंधारात धंदा करतो. २५ टक्क्यांचा नियम भाच्यालाही लागू आहे. फक्त त्याचं उरलेलं तेल कुठे गेलं, हे कुणी विचारत नाही.

मग तेलाचं काय व्हायचं, हे दर ठरवतो. १० ऑगस्ट २०१९ला तिन्ही सरकारी तेल कंपन्यांनी शंभर शहरांत वापरलेल्या तेलाच्या बायोडिझेलसाठी प्रस्ताव मागवले. दर जाहीर झाला तो असा: पहिल्या वर्षी लिटरला ५१ रुपये, दुसऱ्या वर्षी ५२.७, तिसऱ्या वर्षी ५४.५. पायऱ्या अगदी नीटस. पण ज्या बाजारातून हे तेल उचलायचं, तो पायऱ्या चढत नाही, उड्या मारतो. कोरोनाच्या साथीनंतर पामतेल भडकलं, २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्धाने सूर्यफूल अडलं आणि त्याच एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियाने काही आठवडे पामतेलाची निर्यातच बंद केली. किरकोळ बाजारात पामतेल दीडशे रुपयांच्या घरात गेलं. नवं तेल दीडशेला असताना जुन्यापासून केलेल्या इंधनाला ५४.५ धरून चालणारा कारखानदार आचाऱ्याला देऊन देऊन किती देणार? गुरुवारच्या माणसाला असली अडचण नाही, कारण त्याचं गिऱ्हाईक तेल जाळत नाही, तळतं. खाद्यतेल महागलं की जुनं तेल ताटाकडे ओढलं जातं, स्वस्त झालं की टाकीकडे. ज्या वर्षी गरिबाला सगळ्यात जास्त धोका, त्याच वर्षी इंधनाची मागणी सगळ्यात दुबळी. बाजार सोडून दिला तर तो असाच वागणार.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. तेल जाळायची सूट लहान माणसाला नको, तेल देऊन टाकायची सोय मात्र त्याच्या दारात हवी, आणि त्यासाठी मोजावा लागणारा जादा पैसा इंधनखात्याचा नव्हे, आरोग्याचा खर्च म्हणून धरावा. ही सोय कशी असते, हे कोल्हापूरच्या माणसाला शिकवायची गरज नाही. १९६३ पासून गोकुळचं दूध याच रीतीने गोळा होतंय. दोन म्हशींची बाई पहाटे किटली घेऊन केंद्रावर जाते, फॅट लागते, आकडा पुस्तकात उतरतो, दहा दिवसांनी बिल निघतं. तिच्याकडे दोनशे लिटर जमल्याशिवाय गाडी येणार नाही, असं तिला कुणी सांगत नाही. वापरलेल्या तेलालाही हेच लागतं: आठवड्यातून एक ठरलेला वार, गावच्या बाजारात एक माणूस, काटा, पाण्याचं आणि आम्लाचं प्रमाण पाहायची साधी चाचणी, आणि सही-शिक्क्याची पावती. तेल मोजणारं ते महागडं यंत्रही दुकानागणिक एक नको, केंद्रागणिक एक पुरेल. तेल दुधाइतकं नाशवंत नाही, त्यामुळे हे काम फारच सोपं आहे. फक्त ते साठलं की पाणी धरतं, आंबतं, उंदीर येतात. म्हणून महिनोन्महिने साठवायला लावू नये, इतकंच.

दुधातही पाणी घालतात, असं कुणी म्हणेल. घालतात. म्हणून तर लॅक्टोमीटर आला. पण इथे उलट्या दिशेची लबाडी होऊ शकते आणि तिचा धडा युरोपने घेतलाय. तिथे वापरलेल्या तेलापासूनचं इंधन अक्षय ऊर्जेच्या उद्दिष्टात दुप्पट मोजायची सवलत होती. परिणाम असा झाला की कधी कधी वापरलेलं तेल ताज्या पामतेलापेक्षा महाग विकलं गेलं. आशियातून जहाजं भरून 'वापरलेलं' तेल येऊ लागलं, आणि त्यातलं किती खरोखर कढईतून आलं, किती थेट ताडाच्या बागेतून, हा संशय तिथल्या अधिकाऱ्यांना अजून छळतोय. खराब मालाला चांगल्यापेक्षा जास्त भाव दिला, की चांगला माल खराब करायचा धंदा सुरू होतो. तेव्हा भाव एका अरुंद फटीत ठेवावा लागेल: नव्या तेलाच्या बराच खाली, गुरुवारच्या माणसाच्या थोडा वर. ही फट तालुक्यागणिक आणि महिन्यागणिक हलेल. दिल्लीत तीन वर्षांचे दर आधीच छापून ती सांभाळता येणार नाही. साखर कारखाने आणि दूध संघ चालवून राजकारण शिकलेल्या जिल्ह्यांना हे जमणारच नाही, असं मला वाटत नाही. जमवायची इच्छा आहे का, हे वेगळं.

इथे काळ्या ऑइलबद्दल एक शब्द, कारण लोक दोन्हींची गल्लत करतात. गॅरेजमधलं उतरवलेलं इंजिन ऑइल हा धोकादायक कचरा आहे. त्यात इंजिनाच्या झिजेतले धातू असतात. त्याला २०१६चे वेगळे नियम आहेत, आणि एप्रिल २०२४ पासून ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवरच ते परत मिळवून शुद्ध करायची जबाबदारी आली आहे. तरी सेंटरिंगच्या फळ्यांना ते फासलं जातं, वाळवी लागू नये म्हणून दाराच्या चौकटीला चोपडलं जातं, वीटभट्टीत जातं. गाडीत पुन्हा इंधन म्हणून त्याचा विचारही करू नये. विषय मोठा आहे, पण तो आजचा नाही.

आता नवं गिऱ्हाईक आलंय आणि ते आकाशातून. आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनात २०२७ पासून एक टक्का आणि २०३० पर्यंत पाच टक्के शाश्वत इंधन मिसळायचं उद्दिष्ट सरकारने ठेवलंय, आणि इंडियन ऑइलच्या पानिपत कारखान्याला वापरलेल्या तेलापासून असं इंधन करायचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र २०२५ मध्ये मिळालं. विमान कंपन्या डिझेलवाल्यांपेक्षा चांगला भाव देऊ शकतात. कोल्हापुरातल्या कढईचं तेल दुबईच्या विमानात जळलं, तर एसटीने जाणाऱ्याला काय मिळालं, असा प्रश्न काही जण विचारतात. मला तो फारसा पटत नाही. एसटीने जाणाऱ्याला स्टँडबाहेरचा वडा नव्या तेलातला मिळाला, तर त्याला त्याचा वाटा मिळाला. तेल कशात जळतं यापेक्षा ते कढईतून वेळेवर निघालं का, हा हिशेब त्याच्या कामाचा आहे.

भाच्याला मी एका अधिकृत संकलकाचा नंबर मिळवून दिला. त्याने लगेच फोन लावला, स्पीकरवर ठेवला. पलीकडचा माणूस सभ्य होता. परवान्याचा नंबर विचारला, दुकानाचा पत्ता लिहून घेतला, पावती मिळेल म्हणाला, दर सांगितला. गुरुवारच्या दरापेक्षा किलोमागे आठ रुपये कमी. मग म्हणाला, "तुमच्या रूटला आमची गाडी सध्या नाही. दोनशे लिटर जमले की कळवा."

भाच्याने आठवड्याचे दोन डबे बोटांवर मोजले. सात आठवडे. मागच्या खोलीत आत्ताच दोन डबे होते, त्यांच्यावर पोतं टाकलेलं होतं आणि पोत्याचा एक कोपरा उंदराने कुरतडला होता.

"साठवतो मामा," तो म्हणाला, "तुम्ही सांगताय तर." आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. बुधवार होता.